२९ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, आता दोन वर्षं नुसतं बसवून ठेवलंय. ५८ पर्यंत थांबू की सोडू?

पानापकड_चाकण

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, मोठं होईल, सांभाळून घ्या.

वय ५५. आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग अप्रेंटिसशिप, आणि १९९६ पासून एकाच ऑटो पार्टच्या कंपनीत मेंटेनन्सला. आधी भोसरीचं जुनं युनिट होतं, मग चाकणला आलो. सीएनसी, व्हीएमसी (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनी), हायड्रॉलिक प्रेस, कॉम्प्रेसर, सगळं केलं. २०२० च्या लॉकडाऊननंतर मे महिन्यात प्लांट परत चालू करायचा होता तेव्हा पहिल्या दिवशी गेटच्या आत गेलेल्या सहा जणांत मी होतो, दोन महिने बंद पडलेल्या मशीनी, सील सुकलेले, पॅनेलमध्ये उंदरांनी वायरी खाल्लेल्या, त्या एकेक करून उठवल्या.

दोन वर्षांपूर्वी मॅनेजमेंट बदललं. डिपार्टमेंटला ३२ वर्षांचा नवीन मॅनेजर आला, पोरगा हुशार आहे आणि वागायलाही चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला 'स्पेशल प्रोजेक्ट्स' असं डेझिग्नेशन देऊन वरच्या ऑफिसात टेबल दिलं. प्रोजेक्ट म्हणजे काय तर फाइव्ह-एस (स्वच्छता-टापटीप) ऑडिटचे फोटो गोळा करायचे, अर्थिंग पिटच्या रीडिंगचं रजिस्टर बघायचं, कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं फाइलला लावायची. सकाळी साडेदहाला सगळं संपतं. मग पाच वाजेपर्यंत काय करायचं हे कोणी सांगत नाही आणि मी विचारलं की म्हणतात सर तुम्ही रिलॅक्स राहा, खूप केलंत. पगार पूर्ण येतो, इन्क्रिमेंटपण झालं. ब्रेकडाउनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मात्र मला काढलं, 'तुम्हाला रात्रीचा त्रास नको' म्हणून.

आता ज्याच्यामुळे लिहायला बसलो ते सांगतो. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी पोरांनी एका व्हीएमसीच्या, जागा मोजणाऱ्या एन्कोडरच्या बॅटऱ्या बदलल्या. त्या कंट्रोल चालू ठेवून बदलायच्या असतात, मशीन बंद करून सेल काढले की अ‍ॅक्सिस, म्हणजे मशीनचे सरकणारे भाग, स्वतःची जागा विसरतात. पोरांनी मेन स्विच पाडून बदलल्या. शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला मशीन ऑन केली तर तिन्ही अ‍ॅक्सिसवर ३०० नंबरचा अलार्म, झिरो रिटर्न मागतोय, म्हणजे मूळ जागा परत दाखवा म्हणतोय. माझ्या टेबलाच्या काचेतून ती मशीन सरळ दिसते. सकाळपासून पाच-सहा जण पॅनेलभोवती, मॅन्युअल काढलंय, फोन चाललेत, वर कोणी बघतसुद्धा नाही. सर्व्हिस इंजिनिअर शनिवारी दुपारी आला. दीड दिवस मशीन उभी, कस्टमरला माल लेट, वर व्हिजिटचं बिल.

आणि त्या मशीनच्या टेबलाखाली, सॅडलवर आणि कॉलमवर मी २००९ साली स्क्राइबरने रेघा मारून ठेवल्यात, झिरो कुठे येतो त्याच्या. वर तेलाचा थर बसलाय म्हणून दिसत नाहीत, कापड मारलं की दिसतात. रेघेला रेघ जुळवायची, १८१५ पॅरामीटरमधला एक बिट एक करायचा, कंट्रोल बंद करून चालू करायचा आणि मग फीड अगदी कमी ठेवून टूल चेंजची उंची बरोबर येते का ते तपासायचं. तासाभराचं काम हो. ग्रिड शिफ्टचे, म्हणजे झिरोच्या बारीक सेटिंगचे, मूळ आकडेसुद्धा माझ्या डायरीत आहेत.

त्या रात्री झोप लागली नाही. बायको म्हणते पगार येतोय ना, तीन वर्षं काढा गप्प. धाकटीचं शिक्षण अजून दीड वर्ष आहे, घराचं कर्ज फिटलंय. माझे प्रश्न दोनच. कोणी असं बसवून ठेवल्यावर परत कामात शिरलंय का आणि कसं? आणि सोडायचं म्हटलं तर या वयात सोडणं शहाणपणाचं आहे का?

---

अंबडचा_फिटर

भाऊ, मी ६३, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून पाच वर्षांपूर्वी रिटायर. तुमचं वाचताना पोटात कालवलं कारण माझी शेवटची चार वर्षं अशीच सुरू झाली होती, फक्त माझ्या बाबतीत काचेऐवजी स्टोअरची जाळी होती.

मी काय केलं ते सांगतो. पहिलं वर्ष वाट बघण्यात गेलं, कोणीतरी बोलवेल म्हणून. बोलवत नाहीत. वाईट माणसं असतात म्हणून नव्हे, त्यांना आपल्याकडे काय आहे तेच माहीत नसतं. मग मी प्लांट हेडकडे गेलो आणि 'मला काम द्या' असं म्हणालो नाही. असं म्हटलं की तोही अडचणीत पडतो आणि अजून एक रजिस्टर हातात देतो. मी ठरवून एकच काम मागितलं, अप्रेंटिस मला द्या.

तुमच्याकडे अप्रेंटिस असणारच. ३० किंवा जास्त माणसं असली की कंपनीला कायद्याने २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आणि बहुतेक ठिकाणी त्या पोरांना काय करतात तर लाईनवर ऑपरेटर म्हणून उभं करतात, वर्षभर पार्ट लावा पार्ट काढा, सर्टिफिकेट घ्या आणि जा. ट्रेड शिकवायला कोणाला वेळ नसतो. मला त्यातली आठ पोरं मिळाली, रोज दोन तास. कीवे फाइलने बसवणं, बेअरिंग तापवून चढवणं, मोटरचा आवाज कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकणं. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशीसुद्धा जावंसं वाटायचं.

त्यातला एक आता सानंदला चांगल्या पोस्टवर आहे, दिवाळीला फोन करतोच करतो.

---

स्पिंडलवाला

मी उलटं केलं, ५३ व्या वर्षी सोडलं. भोसरीत दोन गाळ्यांचं शॉप आहे, स्पिंडल आणि बॉल स्क्रू रिपेअर. म्हणून पैशाचं सांगतो, कारण त्याबद्दल लोक नंतर विचारतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा तुमचा बेसिक-डीए ४२ हजार असेल आणि २९ वर्षं झाली तर सात लाखांच्या थोडं वर. पूर्ण पगारावर हिशोब करू नका, ती चूक मी केली होती आणि दोन लाखांनी अंदाज चुकला. पीएफ तुमचा तुम्हाला माहीत असेल. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन ५८ ला चालू होते, त्याआधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते आणि ती कमी झालेली कायमची. आपल्या वयाच्या लोकांची पेन्शन तशीही फार नसते कारण २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत ६५०० वर आणि नंतर १५००० वर मोजतात, पगार कितीही असो. ती घाईने काढू नका, सोडलंत तरी ५८ पर्यंत थांबा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. शुगर-बीपी असेल तर नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. म्हणून सोडायचं असो वा नसो, आत्ताच नोकरीत असताना स्वतःची वेगळी पॉलिसी घ्या म्हणजे ५८ ला बाहेर पडाल तेव्हा वेटिंग संपलेलं असेल. मी घेतली नव्हती आणि शॉप टाकून सातव्या महिन्यात बायपास झाली. गाळ्याचं डिपॉझिट त्यात गेलं.

धंदा चालतो, खोटं कशाला बोलू. पण तुमची पोस्ट वाचून असं वाटतंय की तुम्हाला धंदा नकोय, तुम्हाला तीच मशीन पाहिजे.

---

रात्रपाळी२९

काका, मी २९ चा आहे, रांजणगावला मेंटेनन्स इंजिनिअर. तुमच्या पोस्टमधल्या त्या पाच-सहा पोरांच्या जागी मी असू शकतो म्हणून लिहितोय, राग मानू नका.

आम्ही का विचारत नाही ते सांगतो. मी जॉइन झालो तेव्हा आमच्याकडे एक सीनियर होते, त्यांना काहीही विचारलं की आधी पंधरा मिनिटं तुम्हाला कॉलेजात काय शिकवलं हे ऐकावं लागायचं आणि तेही ऑपरेटरसमोर. उत्तर मिळायचं पण अर्धं, बाकीचं अर्धं ते स्वतः येऊन करायचे आणि पॅनेलचं दार लावून घ्यायचे. एकदा दोनदा झालं की माणूस परत जात नाही, त्यापेक्षा सर्व्हिसवाल्याला फोन बरा, तो निदान अपमान करत नाही आणि बिल कंपनी भरते. तुम्ही तसे आहात असं म्हणत नाहीये. पण आमच्या डोक्यात सगळे सीनियर तसेच होऊन बसलेत हे खरं आहे.

दुसरं, आमच्यावर एमटीटीआरचं प्रेशर असतं, मशीन किती मिनिटांत उठली ते रोज सकाळच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर लागतं. त्या गडबडीत वरच्या ऑफिसात कोण बसलंय हे खरंच डोक्यात येत नाही.

आणि एक विचारू का? तुम्हाला काचेतून दिसत होतं. अलार्म कोणता आहे हेपण कळलं असणार. मग दीड दिवस तुम्ही खाली का नाही आलात? आणि त्या रेघा तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हत्या, २००९ पासून. डायरी तुमच्या ड्रॉवरमध्ये. आम्ही विचारलं नाही ही आमची चूक, पण आम्हाला विचारायचं तरी काय हे कळायला पाहिजे ना.

---

सातारी_मिसळ

@रात्रपाळी२९ जरा सबुरीने. ज्या माणसाला 'तुम्हाला त्रास नको' म्हणून ग्रुपमधून काढलंय तो कोणत्या तोंडाने खाली येणार? बोलावल्याशिवाय गेलं तर म्हातारा नाक खुपसतो, नाही गेलं तर आला का नाही. माझ्या वडिलांचं एसटी वर्कशॉपमध्ये शेवटी असंच झालं होतं, ते घरी आले की दार वाजवायच्या आवाजावरूनच आईला कळायचं.

---

पानापकड_चाकण

@रात्रपाळी२९ राग नाही आला. काल वाचलं तेव्हा फोन ठेवून दिला आणि आज उत्तर देतोय, खरं तेच लिहितो.

मी दोनदा उठलो होतो. एकदा जिन्यापर्यंत गेलो. मग डोक्यात आलं की यांनी मला काढलंय, यांना गरज वाटली तर येतील. आणि जिन्यावरून परत फिरलो. दुपारी जेवताना कॅन्टीनमध्ये त्यातलाच एक माझ्यासमोर बसला होता, त्याचा चेहरा उतरलेला, तरी मी गप्प बसलो. शनिवारी सर्व्हिस इंजिनिअर आल्यावर मला आतून बरं वाटलं, की बघा आता. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. झोप न लागण्याचं खरं कारण ते होतं, मशीन बंद होती हे नव्हे. २९ वर्षांत बंद मशीन बघून मला बरं वाटलंय असं कधी झालं नव्हतं.

दाराचं म्हणालास तेही बरोबर आहे. मीपण पॅनेलचं दार लावून काम केलंय. आमच्या वेळी आम्हाला कोणी शिकवलं नाही, उस्तादाच्या मागे उभं राहून चोरून शिकलो, तेव्हा जे शिकलं ते जपून ठेवायची सवय लागली, कारण तेवढ्यावरच आपली किंमत होती. रेघांचं कोणाला सांगावं असं कधी सुचलंच नाही.

---

सिस्टर_मिरज

दादा, तुम्ही हे उघड लिहिलंत म्हणून मीपण लिहिते. मी ५२, स्टाफ नर्स, २७ वर्षं, त्यातली १८ मुलांच्या वॉर्डात. हॉस्पिटलचं नाव नको. मानांकनाचं काम निघालं तेव्हा 'सिस्टर तुमचा अनुभव आहे' म्हणून मला फाइलींच्या खोलीत घातलं, फॉर्म, चेकलिस्ट, ऑडिट. अनुभव आहे म्हणून वॉर्डातून काढलं, हे मला अजून समजलेलं नाही.

जुलाब-उलट्यांनी सुकलेलं सात-आठ महिन्यांचं बाळ आलं की शीर सापडत नाही, हात बर्फासारखे असतात. कोमट पाण्याचं कापड दोन मिनिटं गुंडाळून ठेवायचं, खोलीतला दिवा कमी करायचा आणि तळव्याच्या खालून छोटा टॉर्च धरायचा, हात लाल दिसतो आणि शीर त्यात काळी रेघ होऊन उठते. सुई लगेच घालायची नाही, आधी बोटाने त्या रेघेवरून एकदा जायचं. हे कोणत्या चेकलिस्टमध्ये लिहू मी? एकदा फाइली करत असताना खालून रडण्याचा आवाज येत होता, एकाच बाळाचा, वीस मिनिटं थांबेना, म्हणजे चार-पाच वेळा टोचलं असणार हे मला वर बसून कळत होतं.

मी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. नवीन मुलगी घामाघूम झाली होती, मी तिला बाजूला नाही केलं, टॉर्च मी धरला आणि सुई तिच्याच हातात राहू दिली. लागली. ती रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः वर येऊन विचारलं, ताई अजून एकदा दाखवाल का.

आता मेट्रनकडून मंगळवार आणि शुक्रवार वॉर्डात मागून घेतलेत, बाकी दिवस फाइली. पगारात काही फरक नाही. गुडघे दुखतात, तरी त्या दोन दिवसांची वाट बघते. दादा, पुढच्या वेळी जिना पूर्ण उतरा आणि पाना तुमच्या हातात घेऊ नका, त्यांच्या हातात राहू द्या.

---

निशिकासाईहून

इथे जपानमध्ये ११ वर्षं आहे, प्रॉडक्शन इंजिनिअरिंगमध्ये. तुमच्यासारख्या लोकांसाठी इथे एक जुना शब्द आहे, मादोगिवा झोकु, म्हणजे खिडकीशेजारची जमात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला. नोकरीवरून काढायचं नाही पण काम पण द्यायचं नाही, खिडकीजवळ टेबल देऊन बसवायचं. तुमच्या काचेचं वाचून तोच शब्द आठवला.

पण याच देशात दुसरी बाजूपण आहे. साधारण २००७ च्या सुमाराला युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी एकदम साठीला आली तेव्हा कारखाने घाबरले, की हातातलं कसब यांच्याबरोबर जाणार. आता ६५ पर्यंत इच्छुकांना कामावर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि २०२१ पासून ७० पर्यंत ठेवायचा प्रयत्न करा असं सांगितलंय. साठनंतर बहुतेकांचा पगार बराच कमी होतो, त्यावर लोक नाराज असतात, सगळं गोड नाहीये. आमच्या लाईनवर ६४ चे एक जण आहेत, त्यांचं काम फक्त दोन पोरांना ग्राइंडिंग शिकवणं. त्यांनी शिकवायला मोबाइल वापरला, पोरगा काम करतो आणि ते शूट करतात, मग दोघं बसून बघतात आणि ते सांगतात इथे हात का थांबला. स्वतः करून दाखवणं अगदी शेवटी.

तुम्ही हे करू शकता, डायरीपेक्षा व्हिडिओ पोरं जास्त बघतील.

---

रात्रपाळी२९

काका सॉरी, मी जरा जास्तच बोललो. पण तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकलंय, नाव-गाव काढून. आमच्याकडे एक मामा आहेत, ५६ चे, लेथवर. आज त्यांच्याकडे चहा घेऊन गेलो आणि विचारलं मामा आपल्या कॉम्प्रेसरचं काय जुनं दुखणं आहे. पाऊण तास बोलत होते. अर्धं मला पहिल्यांदाच कळलं, त्या कॉम्प्रेसरचा बेड २०११ मध्ये एका बाजूला बसला होता आणि खाली शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) टाकल्यात, म्हणूनच आमची अलाइनमेंट दर सहा महिन्यांनी हलते.

एक रिक्वेस्ट. बॅटरी बदलायची पद्धत एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. खाली बॅटरी बदलल्याची तारीख लिहायला जागा ठेवा. दार उघडलं की पहिलं तेच दिसलं पाहिजे.

---

पानापकड_चाकण

तीन आठवड्यांनी लिहितोय, काय झालं ते सांगायला.

मॅनेजरकडे गेलो. काम द्या असं म्हणालो नाही, अंबडच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे दोनच गोष्टी मागितल्या. सुट्टीच्या गुरुवारी मेंटेनन्स असतो तेव्हा मला खाली राहू द्या आणि अप्रेंटिसमधली दोन पोरं द्या. तो म्हणाला, सर मला वाटलं तुम्हालाच आता नको असेल हे सगळं. दोन वर्षं तो तसं समजत होता आणि मी वेगळं समजत होतो. अप्रेंटिस अजून मिळाले नाहीत, प्रॉडक्शनवाले सोडत नाहीत म्हणे, एचआरला मेल टाकलाय, बघू.

गुरुवारचं मिळालं. त्या व्हीएमसीवर गेलो, बॅटरी बदलणारी दोन्ही पोरं होती, आधी जरा अंग चोरून उभी होती. टेबलाखाली कापड त्यांनाच मारायला लावलं. एकाने रेघ बघितली आणि काही न बोलता फोटो काढला, मग म्हणाला काका ही तर अख्खा वेळ इथेच होती. मी त्याला सांगितलं की शुक्रवारी मी वरून बघत होतो आणि आलो नाही, माझं चुकलं. तो म्हणाला आम्हाला वाटलं तुम्ही ऑफिसचे झालात.

प्लांटमध्ये चौदा मशीनी आहेत. सर्व्हिसवाल्याने झिरो नवीन सेट केल्यामुळे त्या मशीनवर रेघ पाव मिलीमीटर सरकवून परत मारावी लागली, ती पोराने मारली, हात जरा कापत होता त्याचा. चार मशीनींवर रेघा आणि पॅनेलच्या दाराला कागद झालेत. दहा राहिल्यात. त्यातल्या दोन मशीनींवर मी कधीच खुणा केल्या नव्हत्या, त्यांचे कव्हर काढावे लागणार, एक गुरुवार पुरणार नाही.

ब्रेकडाउन ग्रुपमध्ये परत घेतलंय. काल रात्री पावणेदोनला मेसेज आला, प्रेसचं ऑइल तापतंय म्हणून. बायको उठून बसली. मी कूलरची जाळी बघायला सांगितली, पोराने फोटो पाठवला, पूर्ण बुजलेली होती.

सोडायचं की नाही ते अजून ठरवलं नाहीये, धाकटीचं होईपर्यंत तरी आहे. @स्पिंडलवाला, पॉलिसीसाठी दोन ठिकाणी विचारलं, शुगर पाच वर्षांपासून आहे हे लिहून दिलं. एक जण मेडिकल टेस्ट मागतोय आणि एक जण म्हणतो टेस्टची गरज नाही पण प्रीमियम बराच जास्त. टेस्टवाली घ्यावी का? तुमचा अनुभव सांगा.